इंग्रजी डायरी आणि आपलं 'वाटणं'

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

'इंग्रजी सुधारायचंय? मग रोज पानभर डायरी लिही' हा सल्ला जवळपास प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी मिळतो. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. पानावर काय लिहायचं हे कुणी सांगत नाही आणि वही पंधरा दिवसांत बंद पडते. तोवर तिच्यात असतं ते असं: 'आय गॉट अप ॲट सिक्स. आय हॅड टी. आय वेंट टु कॉलेज.' दिनक्रम रोज तोच, म्हणून क्रियापदंही तीच. आधीपासून येणारी दहा-बारा वाक्यं गिरवून नवीन काही येत नाही.

त्याऐवजी दिवसातला एकच प्रसंग घ्यावा आणि त्यावर थांबावं. असं का झालं? तेव्हा मनात काय होतं? दुसरं काय करता आलं असतं? या प्रश्नांची उत्तरं साध्या भूतकाळात मावत नाहीत. समजा, मैत्रिणीशी भांडण झालं. 'तिने आधी दोनदा फोन केला होता' म्हणजे 'शी हॅड ऑलरेडी कॉल्ड ट्वाइस'. 'मी गप्प बसायला हवं होतं' म्हणजे 'आय शुड हॅव केप्ट क्वाएट'. 'माहीत असतं तर थांबले असते' म्हणजे 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव वेटेड'. व्याकरणाच्या पुस्तकात ही तीन रूपं तीन निरनिराळ्या धड्यांत असतात. इथे एका भांडणातच तिन्हींची गरज पडते, आणि गरजेपोटी वापरलेलं रूप लक्षात राहतं.

मराठी माणूस सगळ्यात जास्त अडखळतो तो 'वाटणं' या क्रियापदापाशी. 'मला वाटलं तो येईल' इथे 'आय थॉट'. 'वाईट वाटलं' इथे 'आय फेल्ट बॅड'. 'तो दमलेला वाटला' इथे 'ही सीम्ड टायर्ड'. 'निघून जावंसं वाटलं' इथे 'आय फेल्ट लाइक लीव्हिंग'. आणि 'भीती वाटली' याचं 'आय वॉज स्केअर्ड' करताना 'वाटणं' गळूनच पडतं. शिकणारा मात्र सगळीकडे 'फेल्ट' लावून मोकळा होतो. 'लाज वाटली' याचंही तसंच. चारचौघांत पाय घसरला तर 'एम्बॅरस्ड', खोटं बोललो म्हणून असेल तर 'अशेम्ड', अनोळखी लोकांत तोंड उघडवेना तर 'शाय'. नेमका शब्द निवडायला प्रसंगाकडे पुन्हा नीट पाहावं लागतं. म्हणूनच आधी मराठीत पान लिहून ते मोबाइलकडून भाषांतरित करून घेण्याला आमचा विरोध आहे. निवडीचं सगळं काम यंत्र करतं, लिहिणाऱ्याच्या हाती नुसती नक्कल उरते.

वेळ पंधरा मिनिटं पुरे, आठवड्यातून चार दिवस. वहीच्या डाव्या पानावर लिहावं, उजवं कोरं ठेवावं. पहिली दहा मिनिटं पेन थांबवायचं नाही आणि शब्दकोश उघडायचा नाही. शब्द अडला तर तो मराठीतच लिहून खाली रेघ मारावी आणि पुढे जावं. शंभरेक शब्द झाले तरी भरपूर. उरलेल्या पाच मिनिटांत रेघ मारलेल्यांपैकी दोनच शब्द शोधावेत, कारण दहा शोधले तर एकही टिकत नाही. पुढच्या वेळी आधी जुनं पान वाचावं आणि त्यातली तीन वाक्यं उजव्या पानावर सुधारून लिहावीत. लिहिल्या लिहिल्या तपासू नये. तेव्हा डोळ्यांना कागदावरचं नाही, मनातलंच वाक्य दिसतं.

चुका एका आठवड्यात एकाच जातीच्या शोधाव्यात. 'अ' (a) आणि 'द' (the) ही नामाआधी येणारी इंग्रजी उपपदं आपल्याकडे नाहीतच, ती आत्मसात व्हायला वेळ लागतो. त्याआधी दोन चुका हाताळाव्यात. एक, 'काल' आलं की 'हॅव गॉन' चालत नाही, 'वेंट'च हवं. दुसरी जास्त घात करते. आपण सहज म्हणतो, 'तो म्हणाला, मी येतो.' त्याचं 'ही सेड दॅट आय वुड कम' केलं की येणारा माणूसच बदलतो: तो राहतो बाजूला आणि यायचं ठरतं लिहिणाऱ्याचं! तिथे 'ही सेड ही वुड कम' हवं. डायरीत कोण कुणाला काय म्हणालं हे पानोपानी येतं, त्यामुळे या एका दुरुस्तीने बरंच लिखाण सुधारतं.

शिक्षकांनाही एक विनंती. लाल शाईच्या दुरुस्तीने लेखन खरंच सुधारतं का, हा वाद जुना आहे. १९९६ मध्ये भाषाशिक्षणाचे अभ्यासक जॉन ट्रस्कॉट यांनी व्याकरणाच्या चुका दुरुस्त करणं बंदच करावं असं मांडलं आणि १९९९ मध्ये त्याच क्षेत्रातल्या डाना फेरिस यांनी ते खोडून काढण्याचा प्रयत्न केला. निबंधापुरता हा वाद चालू राहू दे. डायरीवर मात्र लाल शाई नको आणि गुणही नकोत, कारण त्या धाकाने मुलं मनातलं सोडून फक्त बिनचूक येणारी वाक्यं लिहू लागतात. त्याऐवजी मजकुराला दोन ओळींचं उत्तर द्यावं आणि बरोबर रूप त्यात आपसूक आणावं. मुलीने 'आय वॉज बोअरिंग' लिहिलं, म्हणजे 'मीच कंटाळवाणी होते', तर खाली 'व्हाय वर यू सो बोअर्ड?' एवढंच विचारावं. जे पान मुलाने दुमडून दिलं असेल, ते उघडू नये.

आपले,
इंग्रजी शिकवणारे काही शिक्षक