विषय : मेटल डिटेक्टरच्या खोक्यावरच्या ‘नाणे – ३ मीटरपर्यंत’ या दाव्याबद्दल आणि कालच्या फोनबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

काल दुपारी तुमच्या कस्टमर केअरला लावलेला फोन सत्तावीस मिनिटं चालला. त्यातली एकोणीस मिनिटं मी बासरी ऐकली. हा पाचवा फोन होता. सहावा करणार नाही, म्हणून हे पत्र.

मशीन कोणतं ते तुम्हाला सांगायला नको. निळ्या दांड्याचं, खाली अकरा इंची कॉईल म्हणजे तारेचं वेटोळं असलेलं. खोक्यावर मोहरांनी भरलेला हंडा, हंड्यामागे किल्ल्याचा बुरूज आणि बुरुजाखाली ठळक अक्षरांत ‘नाणे – ३ मीटरपर्यंत’. रोख ३८,५०० रुपये मोजलेत. बिलाची झेरॉक्स जोडली आहे. तुमच्या ईमेलवर ती तीनदा पाठवली आणि तीनदा ‘कृपया बिल जोडा’ असं उत्तर आलं.

मी रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं इलेक्ट्रिकल फिटर होतो. मोजून बघितल्याशिवाय बोलायची सवय नाही. दादर चौपाटीवर दहा दिवस पहाटे फिरून काही हाती लागेना, तेव्हा दोष माझा की मशीनचा हे ठरवायला सोसायटीच्या मागच्या बागेत चाचणी घेतली. कंपाऊंडच्या भिंतीतल्या सळयांपासून चांगलं लांब, कारण १८८१ साली ग्रॅहॅम बेल राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या अंगातली गोळी असल्याच यंत्राने शोधायला गेला आणि पलंगातल्या स्प्रिंगांनी त्याचा घोटाळा केला, एवढं मला ठाऊक आहे. खुरप्याने खड्डा, लाकडी पट्टीने माप. आजीचा १९१८ सालचा चांदीचा रुपया प्लॅस्टिकच्या पुडीत घातला, पुडीला गळाची दोरी बांधली आणि दोरीचं टोक वर ठेवलं. (दोरी बांधली नसती तर घरात पाय ठेवता आला नसता.)

वीस सेंटिमीटरवर आडवा ठेवलेला रुपया स्वच्छ वाजला. तेवीसवर तीन फेऱ्यांत एकदा. पंचवीसवर चिडीचूप. तोच रुपया मातीत उभा खोचला तर चौदाच्या खाली पत्ता नाही. कडेवर उभ्या नाण्याचा कॉईलसमोर जीव तो केवढा! पाच रुपयांचं जुनं जाड नाणं सतरापर्यंत. बायकोची पितळी परात अर्ध्या मीटरवर मात्र खणखणीत वाजली, पण परात हे नाणं नव्हे. तीन मीटरवर चाचणी घेतलेली नाही. मीटरभर खाली सोसायटीची ड्रेनेज लाईन आहे आणि सेक्रेटरी तिथून हलायला तयार नव्हते.

आता नीट वाचा. हे आकडे वाईट नाहीत. एका फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या) मशीनला रुपयाएवढं नाणं पंधरा ते पंचवीस सेंटिमीटरवर मिळतं, कुठल्याही देशात. मशीन भारी, माती सौम्य आणि कान सवयीचा असेल तर तिशीच्या आसपास. म्हणजे मशीन बिघडलेलं नाही. खोकं बिघडलंय. खोक्यावर ‘२० सेंटिमीटर’ छापलं असतं तरी मी ते घेतलं असतं, कदाचित हजारभर जास्त देऊनसुद्धा, कारण खरं बोलणारी कंपनी म्हणून मी तुम्हाला ओळखत होतो. तुमचाच मल्टीमीटर १९९४ साली लॅमिंग्टन रोडवरून आणला होता. त्याचा काटा आजही जागच्या जागी येतो.

तीन मीटर म्हणजे काय, हे खोकं छापणाऱ्याला कोणी सांगितलं होतं का? कॉईलपासून लांब गेलं की तिचं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाने पडतं. नाण्यात उठलेल्या प्रवाहाचं क्षेत्र परत वर येताना पुन्हा तसंच पडतं. खोली दुप्पट केली की हातात येणारा सिग्नल चौसष्टाव्या हिश्शावर. वीस सेंटिमीटरवरून तीन मीटर म्हणजे पंधरा पट. सिग्नल किती लाख पटींनी घटतो ते तुमच्या इंजिनिअरने काढावं. त्याला जमलं नाही तर माझा नातू नववीत आहे.

हेच मी काल फोनवर सांगत होतो. तो संवाद जसाच्या तसा देतो. दुपारी झोप आली नाही, म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या लिहून काढला.

तो मुलगा : सर, जिथे मशीन वाजत नाही तिथे नाणं आहे याची खात्री केलीत का?
मी : केली. मीच पुरलंय.
मुलगा : ओके सर. कधी पुरलंत?
मी : आज सकाळी.
मुलगा : (बराच वेळ टाईप करतो) सर, मग तोच इश्यू आहे. ताजं पुरलेलं नाणं मशीन पकडत नाही. ते जमिनीत मुरावं लागतं.
मी : मुरावं लागतं? लोणचं आहे का?
मुलगा : सर, नाण्याभोवती जमिनीत एक वलय तयार होतं, ते मशीन पकडतं. त्याला वीस-पंचवीस वर्षं लागतात.
मी : आणि तुमची वॉरंटी किती वर्षांची?
मुलगा : एक वर्ष, सर. आणखी काही मदत करू शकतो?

मी सहज थंड डोक्याचा माणूस आहे. चौतीस वर्षांत फक्त एका फोरमनवर ओरडलो. काल दुसरा नंबर लागला असता, पण तो मुलगा माझ्या धाकट्यापेक्षा लहान वाटला आणि समोरचं वाचून दाखवत होता हे कळत होतं. त्याला काढू नका. ते वाचायला ज्याने लिहून दिलं त्याला शोधा. लोखंड गंजतं, गंज मातीत उतरतो, त्यामुळे जुन्या खिळ्याभोवती थोडं काही वाजत असेल, मान्य. पण ९१.७ टक्के चांदीचा रुपया मातीत काय मुरणार? आणि मुरतो असं घटकाभर धरलं, तरी वीस सेंटिमीटरवर सकाळी पुरलेला तोच रुपया कसा वाजला? की मुरण्याची गरज फक्त त्याखालच्या पाच सेंटिमीटरलाच लागते?

मग ‘सीनियर’ आले. सीनियर म्हणाले, “सर, तुम्ही नीट वाचलं नाही. तीन मीटर‘पर्यंत’ लिहिलंय. शून्य ते तीन मीटर.” बरं. मग मी बिलही ३८,५०० ‘पर्यंत’ भरायला हवं होतं. दोनशे रुपये देऊन खोकं उचलून निघालो असतो.

त्यावर सीनियरनी परदेशातली गोष्ट ऐकवली : तिकडे मीटरभर खोल नाणी सापडली आहेत. सापडली, खरं आहे. इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर, २०१२ साली. दोघांनी तीस वर्षं त्या भागात शोध घेतला होता आणि निघाला तो जवळजवळ ७०,००० नाण्यांचा एकमेकांना चिकटलेला गोळा! तेवढं धातूचं धूड कॉईलखाली आलं तर ती वाजणारच, माझी परात नाही का वाजली? तुमच्या खोक्यावर ‘सत्तर हजार नाण्यांचा गोळा’ लिहिलेलं नाही. ‘नाणे’ लिहिलंय. एकवचनी.

‘कॉईन मोड’बद्दल तर चारही जुन्या फोनवर सांगून झालंय, तरी परत लिहितो. स्क्रीनवर नाण्यांची चित्रं आहेत ती अमेरिकेची : पेनी, डाईम, क्वार्टर. मी राहतो प्रभादेवीला. आपला एक रुपया १९९२ पासून स्टीलचा आहे, चुंबक लावा, टक्कन चिकटतो. आणि तुमचा कॉईन मोड लोखंडासारखं जे जे दिसेल ते गाळून टाकतो. म्हणजे भारतात विकलेल्या मशीनचा नाणी शोधायचा मोड भारताचा रुपया कचरा म्हणून फेकतो. पाच सेंटिमीटरवर ठेवला, ठार मुका. काहीच न गाळणाऱ्या ऑल मेटल मोडवर पंधरापर्यंत वाजला, पण स्क्रीनवर खिळ्याचं चित्र. हे तिसऱ्या फोनवर सांगितलं तेव्हा उत्तर काय मिळालं? “सर, नाणं नकली असू शकतं.” बेस्टच्या कंडक्टरने सुट्टे दिले होते, तेही मी नकली धरायचे का?

‘समुद्रकिनाऱ्यासाठी उत्तम’ हेही खोक्यावरच आहे. कोरड्या वाळूत ठीक आहे. ओहोटीच्या रेषेवर, म्हणजे बोटातली अंगठी आणि खिशातले पैसे जिथे खरोखर पडतात तिथे, मशीन जे किंचाळायला लागतं ते हातात धरवत नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं, एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला ती ओली वाळूच धातू वाटते. त्यासाठी अनेक फ्रिक्वेन्सींचं किंवा पल्स इंडक्शनचं, म्हणजे कॉईलमधून झटक्याझटक्याने वीज सोडणारं, मशीन लागतं, हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही तेही विकता, दुपटीहून जास्त किमतीला. सेन्सिटिव्हिटी उतरवून आवाज गप्प केला की खोली राहते दहा-बारा सेंटिमीटर. त्यापेक्षा पायाच्या अंगठ्याने वाळू उकरली तर फुकटात होतं. वर आपल्याकडची माती. सगळा काळा दगड, बेसाल्ट, त्याच्यात मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोखंडाचं खनिज. बागेत आणून टाकलेली लाल माती तर लोखंडाची बहीण. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा सिग्नल वजा करायचं सेटिंग, दर चार पावलांवर करावा लागतो. मॅन्युअलमध्ये त्याबद्दल दीड ओळ आहे. हंड्याच्या चित्राला मात्र पूर्ण पान.

आणि तो किल्ला काढून टाका. संरक्षित किल्ल्यावर परवानगीशिवाय खणणं गुन्हा आहे. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, हा कायदा १८७८ पासून आहे. माझ्यासारखा म्हातारा चौपाटीवर फिरेल आणि घरी येईल. पण तो बुरूज बघून चार पोरं रात्री टिकाव घेऊन गडावर चढली तर? खोक्यावर त्यांच्यासाठी एक ओळही नाही.

मला काय हवं आहे ते लिहितो. मशीन परत घ्या आणि ३८,५०० रुपये पूर्ण द्या, ‘पर्यंत’ नको. खोक्यावर आणि जाहिरातीत नाण्याची खरी खोली छापा, कोणतं नाणं आणि कोणत्या जमिनीत ते धरून. वीस-पंचवीस वर्षं मुरण्याचं जे काही तुमच्या माणसांच्या समोर ठेवलंय ते फाडा.

पंधरा दिवस वाट बघेन. नंतर ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ या नंबरवर नोंद आणि जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी लागत नाही, चौकशी करून आलोय. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या कायद्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. तिथेही शब्द ‘पर्यंत’च आहे, पण तो शून्यापासून मोजतील असं समजू नका. खरं सांगायचं तर या फेऱ्या मारायची मला हौस नाही. त्या मल्टीमीटरच्या भरवशावर मी दुकानात दुसऱ्या कंपनीचं मशीन हातातसुद्धा घेतलं नाही, याचं जास्त वाईट वाटतं.

एवढं करून दावा खरा आहे असंच म्हणायचं असेल, तर तुमचा इंजिनिअर पाठवा. चौपाटीवर त्याने स्वतः खड्डा खणायचा, तीन मीटर, फावडं माझं. रुपया त्याने पुरायचा आणि त्यानेच शोधायचा. परवानगीचं बघायचं तुमच्या लीगलने. चांदीचा रुपया देणार नाही, तो पुन्हा कपाटात गेलाय आणि किल्ली माझ्याकडे नाही. स्टीलचे देईन, हवे तेवढे. येण्याआधी भरती-ओहोटीची वेळ बघून या. भरतीला आलात तर दाखवायला वाळूच नसते.

आपला ग्राहक (१९९४ पासून),
प्रभादेवी, मुंबई

सोबत : बिलाची झेरॉक्स (चौथ्यांदा), खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो, चाचणीच्या वहीची दोन पानं. वहीवर मातीचे डाग आहेत, ते तसेच राहू द्या.