किरणोत्सवातून सिद्ध होणारा कर्ता

महोदय,

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात मावळतीची किरणे थेट मूर्तीवर पडतात, तो किरणोत्सव जवळ आला की ‘देव आहे याचा हा घ्या पुरावा’ असे संदेश फिरू लागतात. पुरावा आहेच, कशाचा, ते मात्र तपासायला हवे.

अंबाबाईची मूर्ती पश्चिमाभिमुख. ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत सूर्य पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला मावळतो आणि किरणे महाद्वारातून गरुड मंडपामार्गे गाभाऱ्यात शिरतात. १० नोव्हेंबर आणि १ फेब्रुवारी यांच्या बरोबर मधोमध २१-२२ डिसेंबर, म्हणजे सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळण्याचा दिवस येतो, म्हणून दोन्ही वेळा मावळतीची जागा जवळपास तीच. हे गणित दगडात बसवणाऱ्या स्थपतींना मुजरा. इथे कर्ता सिद्ध होतो, पण तो माणूस.

पुढची उडी अशी: मंदिराला कर्ता, तसा जगालाही. हे अनुमान नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कपंडितांचे, जुनेच. पृथ्वी वगैरे कार्य (घडलेली वस्तू) आहे, म्हणून तिला कर्ता आहे, जसा घटाला. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण सगळे जागेवर; निसटते ती व्याप्ती, म्हणजे ‘जिथे कार्य तिथे कर्ता’ हा बिनअपवाद नियम. मडके घडताना शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत कुणीही पाहावे. जग घडवले जाताना कुणी पाहिलेले नाही. सातव्या शतकात बौद्ध तर्कपंडित धर्मकीर्तीने नेमके इथेच बोट ठेवले: मातीला आकार आला एवढ्यावरून कुंभार ठरवायचा, तर वारूळही त्यानेच केले म्हणावे लागेल. शब्द एकच, ‘कार्य’. पण मडक्याचे कार्य असणे वेगळे, डोंगराचे वेगळे. कुमारिल भट्ट दुसरीकडून अडवतात: निर्मात्याला शरीर नसेल तर तो घडवणार कसा, आणि असेल तर ते कुणी घडवले? (हे कुमारिल वेदप्रामाण्य मानणारे कट्टर मीमांसक. निरीश्वरवाद पाश्चात्त्यांकडून आला म्हणणाऱ्यांची इथे पंचाईत होते.) यातून देव नाही हे सिद्ध होत नाही, हे एक अनुमान तेवढे बाद होते.

दुसरी गफलत हिशेबाची. किरणे मुखापर्यंत पोचली तर कृपा. न पोचली तर ढग, धूलिकण, आर्द्रता, वाटेतली इमारत. ही कारणे अगदी खरी आहेत. मग आकाश निरभ्र आणि वाट मोकळी होती, हे पोचण्याचे कारण का मानू नये? जमेची बाजू देवाकडे आणि खर्चाची हवामानाकडे, अशी खतावणी कुठला लेखापरीक्षक पास करील?

आपण किरणोत्सवाच्या बातम्या आवर्जून छापता. यंदा मागच्या काही वर्षांचा तक्ताही द्यावा: तारीख, किरणे कुठवर गेली, आणि त्या संध्याकाळी पश्चिमेला ढग होते की नाही.

– एक वाचक, कोल्हापूर