बॅटरीवर ठेवलेला हात

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी "बरं" म्हणून केळीच्या भावाचा विषय काढला असता. म्हणून लिहितेय. शरीर न कापता उजेडाने आत कसं पाहायचं ते शिकायला बोलावलंय, मी होकार कळवून टाकला आहे. दोन वर्षं, अमेरिकेत, इथाकाला. ऑगस्टमध्ये निघायचं. आई, यंदा कानबाईच्या सणाला मी नसेन, हे वाक्य तीनदा लिहून खोडलं.

बाबा, पुण्यात होत नाही का हे काम, असं तुम्ही विचारणारच. आधी तिथेच शोधलं, खरंच. पण त्यातली जी रीत मला शिकायचीय तिची सुरुवातच तिकडे झाली.

आठवतं, केळीच्या कांदेबागेला रात्रीच्या लाईटवर पाणी द्यायला तुम्ही मला खांद्यावर घेऊन जायचात? मी बॅटरीवर तळहात ठेवायची, बोटं लालभडक व्हायची. उजेड आरपार येतो, मग आतली हाडं का दिसत नाहीत, म्हणून मी भंडावून सोडायची. तुम्ही म्हणायचात, "मास्तरांना विचार." मास्तरांनाही सांगता आलं नव्हतं. बाबा, उजेड आत जातो, पण सरळ राहत नाही. मांसातलं पाणी आणि चरबी उजेडाला वेगवेगळं वाकवतात, त्यामुळे तो वाट चुकतो, जानेवारीच्या धुक्यात ट्रॅक्टरचा दिवा पसरतो तसा.

इथाकाच्या कॉर्नेल विद्यापीठात १९९० साली यावर एक तोड निघाली. डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगाच्याही पलीकडचा प्रकाश घ्यायचा, कारण तो कमी विखुरतो. तो अतिशय लहान ठोक्यांनी सोडायचा. प्रकाशाचे दोन कण एकाच क्षणी एकाच जागी पोचले तरच तिथली पेशी चमकते, आणि एवढी गर्दी फक्त नेमक्या बिंदूवर होते. वाट चुकलेला उजेड एकेकटा फिरतो, त्याने जवळजवळ काही चमकत नाही. २०१३ मध्ये तिथेच दोनाच्या जागी तीन कण वापरले आणि जिवंत उंदराच्या मेंदूत, वरचा थर न काढता, एक मिलिमीटरपेक्षा खोल पाहिलं. ज्वारीच्या दाण्याएवढंही नाही हे, मला कळतं. पण त्या मिलिमीटरखाली उंदराच्या मेंदूचा आठवणींचा भाग सुरू होतो.

आता जे सांगायचं टाळत होते ते. मागच्या पौषात तुम्ही म्हणालात, पेपरातल्या ओळी वाकड्या दिसतात. मी चष्म्याचा नंबर बदला म्हणाले आणि फोन ठेवला. चार महिने गेले. जळगावला ओसीटी, म्हणजे उजेडाने डोळ्याच्या पडद्याची तपासणी, केली तेव्हा पडद्याच्या थरांत साखरेमुळे साचलेलं पाणी स्वच्छ दिसलं. सुई नाही, चिरफाड नाही; प्रत्येक थरावरून परत येणारा उजेड ते यंत्र मोजतं. पडदा जेमतेम पाव मिलिमीटर जाड, तरी सगळं दिसलं. डोळा पारदर्शक आहे म्हणून हे जमतं. बाकी शरीराशी येऊन सगळं अडतं. तुम्ही त्या खुर्चीत हनुवटी टेकवून बसला होतात आणि मी मागे उभी राहून हाच विचार करत होते.

२०२४ मध्ये तर खाण्याच्या पिवळ्या रंगाचं द्रावण चोळून उंदराची कातडी तात्पुरती पारदर्शक केली, धुतलं की पुन्हा पहिल्यासारखी. माणसावर अजून नाही हं आई, हाताला लावून बघू नकोस.

तिथे खोली गरम असते. तांदूळ, डाळ सगळं मिळतं. कळण्याचं पीठ मी बरोबर नेतेय, भरितासाठी वांगी शोधीन. जेवणार मी, वेळेवर जेवणार.

आता माझं ऐका. बाबा, डोळ्यातलं पुढचं इंजेक्शन चुकवायचं नाही. दादाला सांगून ठेवलंय, तो नाशिकहून येऊन तुम्हाला नेईल. एसटीने एकट्याने जायचं नाही. दुपारी बारानंतर बागेत पाय ठेवायचा नाही. गोळी जेवणाआधीची जेवणाआधीच. आई, तू गुडघ्याचं तेल त्यांच्याकडून लावून घे, त्यांना लाज वाटली तरी. इन्व्हर्टरचं पाणी मी जायच्या आधी भरून जाईन.

मी तुम्हाला सोडून चाललेय असं मनात आणू नका. दिवाळीला जमणार नाही. आखाजीला येते. झोका नेहमीच्या कडुनिंबालाच बांधा, दोर मात्र नवा घ्या.

तुमची,
छोटी