गेटपर्यंत आणलं कुणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शुक्रवारच्या अंकात पान तीनवर 'गिऱ्हाइकाला रुग्णालयाच्या गेटवर टाकून महिला पसार' ही वेश्यावस्तीतल्या बाईची बातमी वाचली. काल दिवसभर डोक्यातून जाईना, म्हणून आज लिहायला बसले. आपल्या वार्ताहरांना एकच विचारायचं आहे. तो माणूस गेटवर पोचला कसा? डोक्याला खोक पडलेला, धड शुद्धीवर नसलेला गडी जिन्यावरून खाली उतरवायचा, रात्री एक वाजता रिक्षा शोधायची, सीट खराब होईल म्हणून कुरकुरणाऱ्या रिक्षावाल्याला पटवायचं आणि त्याला दवाखान्याच्या दारात आणून सोडायचं, एवढं त्या बाईनं केलं. तुमच्या मथळ्यात त्यातलं फक्त 'पसार' उरलं.

आणि जखमेवर ओढणी 'संशयास्पदरीत्या घट्ट' बांधलेली होती म्हणे. मी ३२ वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर होते. रक्त वाहत असेल तर कापडाची घडी जखमेवर दाबून धरायची, थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघायचं नाही, हे आम्ही शिकाऊ मुलींना अगदी सुरुवातीला सांगायचो. डोक्याची जखम लहान असली तरी रक्त फार येतं, बघणारा घाबरतो. ही घाबरली नाही. यात संशय कसला?

ती थांबली का नाही, असा तुमचा सवाल आहे. थांबलेली एक मी पाहिली आहे.

१९९७ साल, गटारीची रात्र. कॅज्युअल्टीत त्या रात्री काय असतं ते मी सांगायला नको. साडेबाराच्या सुमारास एक बाई एका माणसाला घेऊन आली. मोरीत पाय घसरून तो कठड्यावर आपटला होता. तिनं टॉवेलाची घडी त्याच्या डोक्यावर धरलेली, आणि मी हातमोजे घालून जवळ जाईपर्यंत तो हात तिनं काढला नाही. बोलण्यात कानडी हेल होता. "तिथनं इथपत्तूर सोडलं नाही बघा सिस्टर," एवढंच म्हणाली. सात टाके पडले.

जखमीवर आधी उपचार, पोलिसांचे कागद नंतर, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगून ठेवलं होतं. आमच्याकडे ते अगदी नीट पाळलं गेलं. त्याच्या बाबतीत. तिच्या बाबतीत कागद आधी. चौकीतल्या हवालदारानं विचारलं, "तू याची कोण?" ती काय सांगणार? गप्प बसली. मग पाकीट कुठंय, घड्याळ कुठंय, ढकललास का, किती जणी होता. तिनं पदराची गाठ सोडली. त्यात त्याचं घड्याळ आणि ३४० रुपये होते. मोजून बांधले होते, कारण असं विचारतील हे तिला ठाऊक होतं. पहाटे तो माणूस शुद्धीवर आला. हवालदारानं तिला समोर उभं केलं. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मी हिला ओळखत नाही." ओळखत नाही! तिच्या टॉवेलाचे धागे अजून त्याच्या केसांत चिकटलेले होते.

सकाळी अकरापर्यंत तिला बाकड्यावर बसवून ठेवलं. माझी ड्यूटी संपत आली तेव्हा आमच्या दवाखान्यातल्या मावशींनी तिला चहा दिला, तर तिला कप धरता येईना. उजवं मनगट हे एवढं सुजलेलं. तो पडला तेव्हा ती त्याला सावरायला गेली होती, त्याचं सगळं वजन तिच्या हातावर आलं होतं. आणि त्याच हातानं तिनं टॉवेल दाबून धरला होता. तोवर आठ तास आमच्या डोळ्यांसमोर बसली होती, एकानंही पाहिलं नाही. त्यात मीही आले. केसपेपर काढू म्हटलं तर ती नको म्हणाली, नाव-पत्ता लिहावा लागेल म्हणून. मी क्रेप बँडेज बांधलं, एक्स-रे झालाच नाही, आणि नोंद करायची म्हणून रजिस्टरात लिहिलं, 'जिन्यावरून पडून इजा'. नाव भलतंच.

ही 'जिन्यावरून पडून'ची गंमत तुम्हाला माहीत नसेल. त्या वस्तीतून येणारी प्रत्येक बाई जिन्यावरूनच पडलेली असे. ओठ फाटलेला, जिना. मांडीवर सिगारेटचा डाग, तरी जिना. आम्हाला कळायचं, आम्ही लिहायचो. एकदा एक खरोखरच जिन्यावरून पडून आली, तेव्हा डॉक्टर हसले.

पुढे काही वर्षांनी त्या वस्तीतलीच एक तपासणीला आली होती. तिनं मला सरळ सांगितलं, "आता आम्ही रिक्षात घालतो, गेटवर उतरवतो, वॉचमनला हाक मारतो आणि फिरतो. आत येत नाही." म्हणजे तुमच्या बातमीतली पद्धत काही नवी नाही. आम्हीच ती त्यांना शिकवली आहे.

आणि थांबून ती सांगणार तरी काय? धंदा करणं हा कायद्यानं गुन्हा नाही, पण कुंटणखाना चालवणं हा १९५६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. मोरीत कोण कसा पडला हे सांगायचं तर आधी मोरी कुठली ते सांगावं लागतं. पत्ता सांगितला की घरवालीवर, म्हणजे कुंटणखाना चालवणारीवर केस, खोलीला टाळं, आणि बाकीच्या आठ-दहा जणी सामानासकट रस्त्यावर. तेच रस्त्यावर अपघात झालेल्याला कुणी दवाखान्यात नेलं तर २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायदाच त्याच्या पाठीशी आहे. नाव सांगायची सक्ती नाही. २०२१ मध्ये तर केंद्र सरकारनं त्यासाठी ५ हजारांचं बक्षीसही जाहीर केलं. त्या गृहस्थांनी पडायचंच होतं तर जरा कष्ट घेऊन खाली यायचं, एखाद्या दुचाकीची धडक खायची आणि मग पडायचं. त्या बाईचा सत्कार झाला असता, आपण फोटो छापला असता.

फोटोवरून आठवलं. बातमीशेजारी गल्लीतल्या बायकांचा फोटो कशाला? त्या चौघींचा या प्रकरणाशी काय संबंध? डोळ्यांवर काळी पट्टी मारली की चेहरा झाकला, असं आपल्याला वाटत असेल. त्यांच्या गावाकडच्या माणसांना साडीवरूनही ओळखता येतं. २०२२ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं या बायकांबद्दल जे निर्देश दिले, त्यात त्यांची ओळख उघड होणार नाही याची काळजी माध्यमांनी घ्यावी असंही होतं. त्याच निर्देशांत असं आहे की अशा बाईवर लैंगिक अत्याचार झाला तर इतर कुठल्याही पीडितेला मिळते तशी तातडीची वैद्यकीय मदत तिलाही मिळाली पाहिजे. आपल्याच अंकात तेव्हा ते आलं होतं, मी कात्रण ठेवलं आहे.

आम्हा सिस्टरांना ड्यूटीत सुई टोचली तर एचआयव्हीच्या प्रतिबंधक गोळ्या तासा-दोन तासांत हातात पडायच्या. ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्याव्या लागतात. एखाद्यानं जबरदस्तीनं निरोध काढून टाकला म्हणून शनिवारी रात्री आलेल्या मुलीला मात्र "सोमवारी ओपीडीत ये" असं सांगताना मी याच कानांनी ऐकलं आहे. तिचे ७२ तास रविवारची सुट्टी घेतात का? यावर आपल्या वार्ताहरांना बातमी करता आली असती. पण त्यात 'पसार' कुणी नाही.

मनगटवालीचं खरं नाव तिनं मला जाताना सांगितलं होतं. ते मी इथे लिहिणार नाही. माझंही छापू नये.

— एक निवृत्त परिसेविका, सातारा

ता.क. : संकष्टीला चंद्रोदयाची वेळ आपण फक्त मुंबईची छापता. साताऱ्यात चंद्र मुंबईच्या घड्याळानं उगवत नाही. मागच्या पत्रात हेच लिहिलं होतं, तेवढंच नेमकं आपण गाळलंत.