आधी मापं घे, मग टाके घाल

एडिनबरा,
३ ऑगस्ट

चि. छोट्या,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही कॉलेजातली पोरंपोरी मिळून या हिवाळ्यात गरजू लेकरांसाठी स्वेटर-टोप्या विणणार आहात, हे आईनं फोनवर सांगितलं आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! त्यातून तू स्वतः सुया हातात घेतल्यास, रोज रात्री आजीपुढे मांडी घालून शिकायला बसतोस, हे ऐकून तर ऊर भरून आला. मुलगा विणायला बसला की आपल्याकडे चारचौघं हसतात. हसू देत. इथल्या ज्या मुलांबद्दल मी तुला लिहिणार आहे, त्यांच्यात कितीतरी मुलगे आहेत. फोनवर सगळं सुचत नाही, अर्धं राहून जातं, म्हणून सविस्तर लिहितेय. आजीलाही वाचून दाखव.

आमच्या घराजवळ एक सार्वजनिक वाचनालय आहे. तिथं दर शनिवारी दुपारी शाळेतली मोठी मुलं विणायला जमतात. त्यातली बरीच जण 'ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड' करताहेत. हा उपक्रम इथं १९५६ पासून चालू आहे, चौदाव्या वर्षापासून त्यात भाग घेता येतो. समाजसेवा, व्यायाम, एखादं कौशल्य आणि डोंगरातली पायपीट, असं सगळं त्यात करावं लागतं. तुमच्या राष्ट्रीय सेवा योजनेत कसे दोन वर्षांत २४० तास भरावे लागतात, तसंच. मुलं आधी तास भरायला म्हणून येतात, पण तास भरले तरी यायची थांबत नाहीत. ती ज्या टोप्या विणतात त्या हॉस्पिटलातल्या आमच्या वॉर्डात येतात, दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांसाठी. म्हणून माझं त्यांच्याकडे जाणं-येणं.

त्या गटात एक मुलगी आहे, तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. ती एक वही सांभाळते. पूर्वी टोप्या यायच्या त्या ज्याला जशी जमेल तशी. बहुतेक मोठ्या, वर गोंडा, कडेला रिबिनी, मध्ये जाळीची नक्षी. दिसायला फार गोड. पण आमच्याकडे खोकीच्या खोकी तशीच पडून राहायची, कारण आम्हाला कमी पडायच्या त्या अगदी चिमुकल्या टोप्या. ही मुलगी एक दिवस वॉर्डाच्या दाराशी येऊन उभी राहिली आणि सिस्टरना म्हणाली, तुम्हाला कुठल्या मापाच्या हव्यात ते सांगा. सगळं वहीत उतरवून घेतलं. गोंडा नको, तो तोंडात जातो. बंद नकोत, ते गळ्याशी येतात. जाळी नको, बाळाची बोटं अडकतात. केसाळ लोकर नको, तिचे तंतू नाकात जातात. आता टोपी विणून झाली की मुलं ती संत्र्यावर चढवून बघतात. मोठ्या संत्र्यावर नीट बसली तर ती सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३४ सेंटिमीटर घेराचं असतं, त्यासाठी आपल्याकडे सोललेला नारळ चालेल.

छोट्या, ती वही हेच त्या गटाचं खरं काम आहे असं मला वाटतं. विणता काय, कुणालाही येतं. आधी विचारायचं सुचत नाही.

टोपीवर मी एवढा भर का देतेय तेही सांगते. नवजात बाळाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं, ऊब तिथून भराभर निघून जाते. अंग ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये राहायला हवं, आणि अडीच किलोच्या आतल्या बाळाला ते स्वतःचं स्वतः सांभाळता येत नाही, कारण अंगावर चरबीच नसते. कोलंबियात बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास इन्क्युबेटर अपुरे पडत होते, तेव्हा एडगर रे या डॉक्टरांनी असं बाळ आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची पद्धत सुरू केली. तिलाच कांगारू मदर केअर म्हणतात, आपल्या सरकारी दवाखान्यांतही ती वापरतात. त्यात बाळाच्या अंगावर लंगोट, टोपी आणि पायमोजे, एवढंच. वरून मायेनं स्वेटर घातला तर आईची ऊब बाळाला लागतच नाही. म्हणून सिव्हिलमध्ये द्यायचं मनात असेल तर नवजात शिशू विभागातल्या सिस्टरना आधी भेट. बाहेरचं विणलेलं घेतात का, कसं धुऊन हवं, कुठली मापं कमी पडतात, सगळं विचार. आजीची टोपडी आणि कुंच्या सुंदर असतात, पण ते बंद बाळ घरी गेल्यावर बांधू देत.

आता मोठ्या पोरांचं. हे जरा नीट वाच.

आई म्हणाली, डिसेंबरात गाडी करून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर वाटप करायचा तुमचा बेत आहे. मनात आलं ते चांगलंच. पण तू नाशिकचा, तुला माहीत आहे, ऑक्टोबरात द्राक्षाची छाटणी सुरू होते, आणि तिकडे भाताची कापणी उरकली की कुटुंबंच्या कुटुंबं दिंडोरी-निफाडकडे बागांच्या कामाला उतरतात. डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, विरळणी, मग काढणी, थेट उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. लेकरं आईबापांबरोबरच असतात. म्हणजे ऐन थंडीत ज्यांना टोपी हवी त्यातली बरीच पोरं पाड्यावर नसतात. ती निफाडच्या शिवारात, बागेच्या कडेला ताडपत्रीच्या आडोशाला असतात. आणि निफाडची थंडी तुला मी काय सांगू! कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली गेला, ही बातमी आपण लहानपणापासून वाचतोय. मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्रभर बागेत शेकोट्या पेटवतात. त्याच बागेच्या बांधावर निजलेल्या पोराच्या डोक्यावर काही असावं, इतकंच मला म्हणायचंय.

म्हणून सुरगाण्याच्या आधी निफाड-दिंडोरीच्या दोन-तीन गावांतल्या अंगणवाडी सेविकांना भेटा. बाहेरगावची पोरं त्यांच्या यादीत असतात-नसतात, पण कुणाच्या बागेवर किती घरं उतरलीत हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. लेकरांच्या डोक्याचा घेर मोजायला आईची शिवणाची टेप घेऊन जा. सोबत गटातली एखादी मुलगी असू दे, बायका मोकळेपणानं बोलतील.

बाबांचा प्रश्नही आईनं सांगितला. शरणपूर रोडच्या तिबेटी मार्केटातून तयार स्वेटर घेतले तर स्वस्त आणि लवकर नाही का होणार? बाबांचं बरोबर आहे. पाच वर्षांच्या पोराच्या स्वेटरला दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम लोकर लागते, आणि तुमच्यासारख्या नवशिक्यांचा एकेक स्वेटर पुरा होईतो थंडी सरेल. स्वेटर विकतच घ्या. विणायच्या त्या कानटोप्या आणि पायमोजे. टोपीला पन्नासेक ग्रॅम पुरतात, हाताशी माप असलं की नेमकी बसते, आणि नवशिक्यालाही दोन-चार बैठकींत जमते. मफलर मात्र कुणी विणू नका. लहान मुलांच्या गळ्यात तो खेळताना, झोपेत अडकतो.

लोकरीचं एक फार महत्त्वाचं. मेन रोडला दुकानात लोकर म्हणून मागशील ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक निघेल. मऊ असते, रंग छान, धुवायला सोपी, दवाखान्यातल्या बाळांना ती चालेल. पण बागेवरची पोरं शेकोटीला बसणार. ॲक्रिलिक पेट घेतं, वितळतं आणि कातडीला चिकटतं. खरी लोकर सहजी पेटत नाही, पेटली तरी विझते, दवानं ओलसर झाली तरी ऊब धरून ठेवते. पारख सोपी आहे. धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून काडी लाव. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली तर ती लोकर. प्लॅस्टिकसारखा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. खरी लोकर महाग पडते हे मला माहीत आहे, पण टोपीपुरती घेणं झेपेल. दख्खनी मेंढीची घोंगडीची लोकर नको, ती टोचते, पोरं काढून टाकतील. तिबेटी मार्केटातही स्वेटर कशाचा आहे ते विचारून घ्या.

टाक्यांचा हिशोब असा. ८ नंबरच्या सुया आणि मध्यम जाडीची लोकर घेतली तर साधारण १० सेंटिमीटरला २२ टाके बसतात. पण कुणाचा हात घट्ट, कुणाचा सैल, तेव्हा प्रत्येकानं आधी छोटा चौकोन विणून टाके मोजायचे. विणकाम ताणतं, म्हणून टोपी डोक्यापेक्षा तीन ते पाच सेंटिमीटर कमी घेराची धरायची. ५० च्या डोक्याला १०० टाके, नवजात बाळाच्या ३४ ला ६८. कडेला दोन सुलट, दोन उलट असं घेतलंत की कानांवर घट्ट बसते. सुलट-उलट जमत नसेल त्यानं नुसत्या सुलट ओळी विणाव्यात, त्याही उबदार होतात. टाके बंद करताना सैल हातानं करा, नाहीतर टोपी डोक्यात जायची नाही. सुटलेला टाका कसा उचलायचा ते आजी दाखवेल, तिच्याइतकं कुणालाच येत नाही.

आणि देताना बॅनर नको, रांग नको, पोरांच्या हातात टोपी देतानाचे फोटो नकोत. कुणाच्या लेकराला थंडी वाजते याचा फोटो होता कामा नये, हे तुझ्या गटाला माझं नाव सांगून सांग. सगळे रंग चटईवर मांडा, पोरं त्यांचा त्यांचा रंग उचलतील. तान्ह्यांची टोपी आईच्या हातात द्या, तिनंच घालू दे.

बागांवर घरं उतरली की लगेच सेविकांच्या मदतीनं मापं मिळवून मला पाठव, पुढचे टाके मी काढून देते. लोकरीसाठी या महिन्याच्या पगारातून बाबांच्या खात्यावर पैसे टाकतेय, हिशोब वहीत लिहून ठेव आणि गटातल्या सगळ्यांना दाखव. आजीला गडद रंगाची लोकर देऊ नकोस, तिला रात्री टाके दिसत नाहीत. पिवळी, पांढरी दे, आणि दिवसाउजेडीच विणायला बसव.

ती. आजी, आई, बाबांना शि. सा. नमस्कार सांग.

तुझी,
ताई