मंत्रिमहोदय, ऑप्टोमेट्रीच्या मुलांना संशोधन का नको?

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

आमच्या ऑप्टोमेट्री, म्हणजे नजर तपासण्याचं शास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयाच्या कार्यक्रमात आपण व्यासपीठावरून शब्द दिला होता, संशोधनाला निधी कमी पडू देणार नाही. तो शब्द धरून आम्ही प्रस्ताव पाठवला. परवा दोन ओळींचं उत्तर आलं : सदर अभ्यासक्रमास संशोधनासाठी तरतूद नाही, प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे. चौकशीला गेले, तर टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुम्ही चष्म्याचे नंबर काढणार. तुम्हाला कशाला हवं संशोधन?"

हे फार लागलं. आज जगभरच्या नेत्रसंशोधनात नजर मोजायला वापरतात तो लॉगमार तक्ता १९७६ साली ऑस्ट्रेलियात इयन बेली आणि जॅन लव्ही या ऑप्टोमेट्रिस्टनीच बनवला. २०५० पर्यंत निम्म्या जगाला मायोपिया, म्हणजे लांबचं अंधुक दिसणारा मायनस नंबर असेल, हा अंदाज २०१६ साली मांडणाऱ्यांत अग्रणी होते ब्रायन होल्डन, तेही ऑप्टोमेट्रिस्ट. नंबर काढणाऱ्यांनीच हे केलं, साहेब.

आमचा प्रस्ताव साधा होता. तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत मुलांचा मायनस नंबर किती वेगाने वाढतो, आणि मैदानावरचा वेळ वाढवला तर त्याला आळा बसतो का, हे पाहायचं. उघड्यावर खेळल्याने मायोपिया सुरू होण्याचं प्रमाण घटतं, असं चीन आणि तैवानच्या शाळांत दिसलंय. आपल्या उन्हात, आपल्या मुलांत काय होतं ते कोणी मोजायचं? त्यासाठी डोळ्याची लांबी मोजणारा बायोमीटर लागतो, कारण नेत्रगोल एक मिलिमीटर लांबला तरी नंबर अडीच-तीनने चढतो. तो आमच्याकडे नाही. माझ्या विद्यार्थिनी वऱ्हांड्यात तक्त्यापासून टेपने चार मीटर मोजून खडूची रेघ ओढतात, मुलांच्या डोळ्यांत थेंब घालून त्यांना बाकावर बसवून ठेवतात, मग वर्गाच्या खिडकीला चादर लावून रेटिनोस्कोप, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून नंबर काढायचं उपकरण, फिरवतात. बल्ब उडाला की पैसे माझ्या पर्समधून जातात.

एवढं करून पुढे काय? संशोधनाला परवानगी देणारी एथिक्स कमिटी आमची नाही, दुसऱ्या रुग्णालयाच्या दारात उभं राहावं लागतं. आकडेशास्त्राचा माणूस नाही. जर्नल वाचायला मिळत नाहीत. दिवसभर तासिका, संध्याकाळी ओपीडी, आणि प्रस्ताव लिहायचा तो घरचे झोपल्यावर. मला पीएचडी करायची होती, जवळपास मार्गदर्शकच मिळाला नाही. पोरींचे प्रकल्प अहवाल बांधून कपाटात जातात आणि त्या नोकरीसाठी चष्म्याच्या दुकानात. चार वर्षांची फी भरलेल्या आईबापांना मी काय सांगू?

आणि हे एकट्या आमच्या महाविद्यालयाचं नाही. २०२१ साली केंद्राने सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्यात ऑप्टोमेट्रीही आहे. त्यानुसार या व्यावसायिकांच्या राज्य परिषदा सहा महिन्यांत व्हायच्या होत्या. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, विद्यार्थी संशोधन शिष्यवृत्ती सुरू झाली १९७९ साली, ती एमबीबीएस आणि बीडीएसच्या मुलांसाठी. आमची मुलं कुठेच बसत नाहीत. जो देश संशोधनावर जीडीपीच्या एक टक्काही खर्च करत नाही, तिथे आम्ही रांगेत शेवटी. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे, गावोगावच्या शिबिरांत डोळे तपासायला आम्ही चालतो. त्याच डोळ्यांविषयी प्रश्न विचारायला मात्र चालत नाही. का?

जिल्ह्यातल्या सगळ्या महाविद्यालयांत मिळून एक बायोमीटर द्या. एथिक्स कमिटीची सोय करा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्पासाठी थोडं विद्यावेतन आणि शिक्षकांना आठवड्यातला अर्धा दिवस द्या. निकाली काढलेला प्रस्ताव पुन्हा उघडा. आणि देणार नसाल तर तसं स्वतःच्या सहीने लिहा, ते पत्र मी वर्गात वाचून दाखवीन.

आपली,
ऑप्टोमेट्रीची एक शिक्षिका