किट हवीत, गार कपाट हवं आणि सोबत चालणारी माणसं हवीत

सस्नेह नमस्कार.

एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते, नाव गुप्त ठेवतात, मग घरी तपासायच्या किटसाठी मंडळाने वर्गणी कशाला मागायची? मागच्या बैठकीत दोघा-तिघांनी हे विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण ग्वाल्हेरच्या आपल्या लश्कर भागात नाव गुप्त राहिलं तरी चेहरा राहत नाही. दौलतगंजातून निघालेल्या माणसाला दवाखान्याच्या खिडकीशी पोचेपर्यंत एक मामेसासरे आणि भिशीतल्या एक काकू हमखास भेटतात. आमच्यातलाच एक जण तीनदा रांगेपर्यंत जाऊन 'बीपी दाखवायला आलो होतो' म्हणत परत फिरला. शेवटी तपासणी केली ती झाशीला जाऊन.

देशात एचआयव्हीसह जगणारे २५ लाखांच्या आसपास आहेत आणि सरकारी अंदाजाप्रमाणे त्यातल्या पाचांपैकी जवळपास एकाला ते ठाऊकच नाही. औषध २००४ पासून सरकारकडून मोफत मिळतं. ते नेमाने घेऊन रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, की शरीरसंबंधातून तो जोडीदाराला जात नाही. अडतं ते खिडकीपाशी.

म्हणून स्व-तपासणी, म्हणजे किट घेऊन आपली तपासणी आपणच घरी करायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्येच तिची शिफारस केली. गणपतीत सभागृहामागच्या खोलीत एका समुपदेशक ताईंनी नमुना किट उघडून दाखवलं. अर्धा तास आधी खाणंपिणं नाही. पट्टीचा मऊ भाग वरच्या हिरडीवरून एकदा आणि खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायचा, मग पट्टी बाटलीतल्या द्रवात उभी करायची. निकाल २० मिनिटांनंतर पण ४० मिनिटांच्या आत वाचायचा. एक रेघ आली तर लागण दिसली नाही, दोन आल्या तर ती असू शकते. चित्रातली दुसरी रेघ पाहून एक आजोबा म्हणाले, "ही तर पुसट आहे, सोडा." ताईंनी त्यांना चष्मा लावायला सांगितलं. पुसट असली तरी ती रेघच. एका काकूंनी हळूच विचारलं, लाळेतून तपासतात म्हणजे उष्ट्यातून लागण होते का? नाही. किट विषाणू शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधतं. ती तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून धोका नुकताच घडला असेल तर एक रेघ बघून निर्धास्त होऊ नये, तीन महिन्यांनी पुन्हा तपासावं. दोन रेघा आल्या तरी तो शेवटचा निकाल नव्हे, केंद्रात वेगवेगळ्या तीन चाचण्यांनी तो पक्का करतात. ज्यांचा एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या औषधांचा उपचार सुरू आहे त्यांनी हे किट वापरू नये, निकाल फसवा येऊ शकतो.

आमचा विचार असा. बरीचशी किट ट्रान्सपोर्ट नगर आणि हजीरा भागात आधीपासून निरोध वाटणाऱ्या साथी कार्यकर्त्यांच्या हाती द्यायची, कारण कोणाला काय हवंय हे त्यांना आपल्याहून जास्त कळतं. उरलेली सलून, शिवणवर्ग, औषधाचं दुकान अशा तीन-चार ओळखीच्या जागी, साध्या खाकी पाकिटात. वहीत नाव नाही, फक्त पाकिटाचा क्रमांक. परवानगी असलेलंच किट घ्यायचं आणि राज्य एड्स नियंत्रण समितीला विचारूनच सुरुवात करायची, हे ठरलेलं आहे.

एक गोष्ट आत्ताच स्पष्ट सांगतो, कारण फोन यायला लागलेत. होणाऱ्या सुनेची किंवा घरातल्या मोलकरणीची 'गुपचूप' तपासणी करायला किट मिळणार नाही. २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि नोकरीसाठी तिची अटही घालता येत नाही. किट ज्याचं त्याने, स्वतःसाठी, वय १८ पूर्ण असेल तरच.

आता मागणं. पहिल्या खेपेला ३०० किट घ्यायची आहेत. देणगी ५०१ रुपयांपासून, पावती घेतल्याशिवाय देऊ नका. हिशेब दर महिन्याला फलकावर लागेल.

पैशांहून अवघड आहे ती जागा. अशी किट साधारण ३० अंशांच्या वर ठेवायची नसतात आणि आपला मे महिना ४५ च्या घरात जातो. कार्यालयाला पत्र्याचं छप्पर. जुन्या वाड्यातलं तळघर देऊ करणाऱ्यांचे आभार, पण तिथे ओल येते. दिवसभर एसी चालू असलेल्या दुकानात कुलपाचं एक कपाट मिळालं तर उन्हाळा निभेल.

आणि माणसं. दोन रेघा दिसलेल्या रात्री फोन उचलणारी, सकाळी त्या माणसासोबत केंद्रापर्यंत चालत जाणारी आणि घरी येऊन बायकोलाही न सांगणारी. ताई दोन रविवार शिकवायला तयार आहेत. निदान आठ जण हवेत, त्यात चार बायका. सध्या तिघं आहोत. तपासणी आधी स्वतःची करणार आहोत. एचआयव्हीसह जगणाऱ्या कोणाला या कामात यायचं असेल तर फार बरं होईल. ते आम्हाला सांगायलाच हवं असं नाही.

कोणाला फोन करावासा वाटला पण आमच्याशी बोलायचं नसेल, तर १०९७ ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे.

कार्यालय संध्याकाळी ६ ते ८ उघडं असतं. दाराशी कोणी ओळखीचं दिसलं, तर वाचनालयाचं पुस्तक बदलायला आलो म्हणा.

आरोग्य समिती,
लश्कर, ग्वाल्हेर